धुरपदाबाईच्या वांग्यांवरचा रोग

६ ऑक्टोबर १९९६, रविवार

पंप आणला. पाठीवरचा, पंधरा लिटरचा, पितळी नळीचा. दुकानदाराने सोबत यंदाची डायरी दिली. ऑक्टोबरात डायरी घेणार कोण, म्हणून दिली असणार, पण फुकट ते पौष्टिक. कोणाच्या वाफ्यात कोणती कीड, काय फवारलं, काय गुण आला, ते हिच्यात लिहीत जाणार आहे. खात्यात अशी वही असायची.

कुंदनला पंप आवडला नाही. "पप्पा, ये उमर में पंप उठाके फिरोगे? आराम करो ने." पोराला मराठीत चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत आणि बापाला उमर शिकवतो. सुरतेजवळ पलसाण्याला कापडाच्या प्रोसेसिंग हाउसमध्ये लागून तीन वर्षं झाली नाहीत अजून. मी तिथल्याच रंगखात्यात बावीस वर्षं काढली, खोकला जडला, तर साहेबाने दोन महिन्यांपूर्वी गेटवरूनच परत पाठवलं. आराम म्हणजे काय ते मला कळतं. दाराशी खाट टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचं, काय भाऊ, काम नाही का सध्या?

डिंडोलीत फाटकापलीकडे एका पटेलची पडीक जमीन आहे. सोसायटी बांधेपर्यंत आपल्या खानदेशी लोकांना त्याने तिथं भाजी लावू दिली आहे. चौदा घरांचे चौदा तुकडे. मावा, अळी, तुडतुडे यांनी सगळे हैराण आहेत आणि विचारायला कोणी नाही. मी आहे.

एक गोष्ट इथंच लिहून टाकतो. लोक समजतात की मी सुरतेला येण्याआधी कृषी खात्यात साहेब होतो. मी तालुक्याच्या बीजगुणन केंद्रावर चार वर्षं मुकादम होतो. साहेब होतो असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. नव्हतो असंही सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर

चौदांतल्या पांडुरंगच्या भेंडीवर मावा. पानाखाली बोट फिरवलं तर चिकट लागतं. फवारा पानाच्या खालून मारायचा, वरून मारला तर औषध मातीला पाजल्यासारखं. वारा पडल्यावर, उन्हं कलल्यावर मारायचा. लोकांना हेच कळत नाही, भर दुपारी फवारतात आणि मग औषध खोटं म्हणतात.

१६ ऑक्टोबर

पांडुरंगची भेंडी स्वच्छ झाली. त्याने चार जणांना बोलावून दाखवली. आता सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी म्हटलं, डॉक्टर-बिक्टर काही नाही, अभ्यास लागतो. पण घरी येऊन बायकोला, मालतीला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पानी भरा, नळ जाई ऱ्हायना."

२० ऑक्टोबर, रविवार

आज धुरपदाबाईच्या तुकड्यात गेलो. सगळ्यांत मोठा तुकडा तिचाच, दोनशेवर झाडं. नवरा लूमवर कामाला होता, तो वारल्यापासून एकटी आहे. साठी ओलांडली असेल. गावाकडचं भरताचं वांगं लावते, मोठं, हिरवट-पांढरं, बी कमी आणि गर लोण्यासारखा. बी तिच्या सासूचं. लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी धरत आली आहे, सुरतेला येताना लुगड्याच्या पदरात बांधून आणलं. गावात आता सगळे हायब्रीड लावतात. तिच्या दिराकडेसुद्धा हे वांगं राहिलं नाही.

चातुर्मासात आपल्याकडे वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग खायला सुरुवात. त्या दिवशी आमच्या खोल्यांच्या लाइनीतल्या प्रत्येक घरी धुरपदाबाई दोन दोन वांगी पोचवते. विकत नाही, देते. मागच्या वर्षी सत्तावीस घरं झाली होती. हे सगळं चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यामुळे लोक तिला शेतीतली जाणती समजतात, आणि ती काय करते? सकाळी उठून एकेक झाड बघते, अळीने वाळवलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडते, राख भुरभुरते, तंबाखूचं पाणी शिंपडते.

मी म्हटलं, वहिनी, एक फवारा मारून देतो, रोजचा त्रास वाचेल.

"मनं औसद मना हातस्मा शे, भाऊ," ती म्हणाली आणि शेंडे खुडत राहिली.

शेंडे खुडणं बरोबर आहे. पुस्तकातही तेच आहे. पण तुडतुडे हाताने कसे खुडणार? पानाच्या कडा पिवळ्या व्हायला लागल्या आहेत, मी पाहिलं. सांगितलं तर हसली. अडाण्याशी बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२९ ऑक्टोबर

आज मोठी गोष्ट झाली. कुंदनच्या मिलला लागून ज्यांचा ऊस आहे ते मगनभाई स्कूटरवरून माझ्या दारात आले. पन्नास बिघ्यांचा मालक माझ्या खाटेवर बसला, सगळ्या लाइनीने पाहिलं. कुंदनने त्यांना सांगितलं असणार की बापाकडे नवा पंप आहे. पोरगा अगदीच वाया गेलेला नाही.

"लोटुभाई, चार दाडा पंप आपो ने. मारो बगडी गयो छे. शेरडीमां घास मारवानी दवा छांटवी छे."

म्हणजे उसातलं तण मारायचं औषध. मी लगेच दिला. भाडं विचारत होते, मी हात जोडले. मोठ्या माणसाकडून कसलं भाडं? मालतीने चहात वेलदोडा टाकला होता.

२ नोव्हेंबर

मगनभाईंचा माणूस पंप देऊन गेला. आत फिनेलसारखा उग्र वास. तळाशी तेलकट काहीतरी. दोन तांबे पाणी घालून हिसळून टाकला. मालती म्हणते, "दोन तांब्यास्मा काय निंघस? सोडा टाकीसन धुवा." नळाला पाणी अर्धा तास असतं. माणसांना अंघोळीला पुरत नाही, पंपाला कुठून घालू? आणि औषध ते औषधच, पुढच्या औषधात मिसळलं तर थोडं जास्त कडक होईल, एवढंच.

३ नोव्हेंबर, रविवार

धुरपदाबाईला शेवटी राजी केलं. राजी केलं म्हणण्यापेक्षा भाग पाडलं. सगळे तुकड्यांवर जमले असताना मी चारचौघांत सांगितलं की वहिनी, तुमच्या वांग्यांवर तुडतुडे पोसले जातात आणि तिथून बाकीच्यांकडे उडून जातात. एकट्या तुमच्यापायी तेरा घरांचं नुकसान होतं. तिने खुडलेले शेंडे खाली टाकले. मग म्हणाली, "मारा मंग. लोकस्नं नुकसान नको."

पहिली टाकी तिलाच मारली, मग दुसरी, तिसरी. पानांच्या खालून, वरून, अगदी न्हाऊ घातलं. तिसरी टाकी संपली तेव्हा शेवटची एक रांग उरली होती, कडेची, अकरा झाडांची. तेवढ्यात आपल्या खानदेशी मंडळाच्या मीटिंगला बोलावणं आलं, तर राहू दिली. पांडुरंगच्या भेंडीला मात्र अर्धी टाकी मारून गेलो, तो मागेच लागला होता.

शेवटच्या रांगेतल्या चार झाडांवर तिने लाल चिंध्या बांधल्या आहेत. ती वांगी बियासाठी ठेवायची, पिकून पिवळी होईपर्यंत तोडायची नाहीत.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

धुरपदाबाई फराळाचं ताट घेऊन आली होती. जाताना म्हणाली की वांग्यांचे शेंडे वाकलेत. म्हटलं, औषधाने जोम धरला असेल. सणासुदीला कटकट नको.

१४ नोव्हेंबर

वांगी पाहिली. जोम नाही. नवी पानं अरुंद, सुरळीसारखी वळलेली, शिरा उठून आलेल्या. शेंडे पीळ घातल्यासारखे खाली माना घालून आहेत. फुलं गळून पडलीत, लागलेली लहान वांगी वेडीवाकडी. बराच वेळ उभा राहून आठवत होतो. मग आठवलं. पर्णगुच्छ! केंद्रावर ब्लॉक नंबर तीनमध्ये आला होता. पानं बारीक होतात, झाड फळ धरत नाही. तुडतुडे पसरवतात. उपाय एकच, रोगट झाड मुळासकट उपटून जाळायचं.

म्हणजे माझं बरोबर होतं. तुडतुडे होतेच. तिने ऑक्टोबरात ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. आज वाकलेल्या झाडांवर पुन्हा दोन टाक्या फवारा मारला, निदान पसरू तरी नये.

१७ नोव्हेंबर, रविवार

पांडुरंगच्या भेंडीचेही शेंडे थोडे वाकले आहेत. पसरतो आहे. पर्णगुच्छ भेंडीला येत नाही असं मला वाटत होतं, पण भेंडीच्या रोगाला दुसरं काही नाव असेल. मूळ एकच.

धुरपदाबाईने मला हाताला धरून तिच्या तुकड्यात नेलं. एवढी बोलताना तिला कधी ऐकलं नव्हतं.

"दखा भाऊ. रोग एखाद्या झाडले लागस, मंग दुसराले. हाई ते सगळा झाडस्ले एकच दिनमा व्हयनं. आनि कडेनी अकरा झाडे, तठे तुमनं पानी पोचनं नही, त्या कशा चांगला शेतस?"

मी म्हटलं, कडेला वारा लागतो, तुडतुडे टिकत नाहीत. पटकन सुचलं, पण चुकीचं वाटत नाही. अक्षरओळख नसलेली बाई मला निदान शिकवते. पांडुरंग शेजारीच उभा होता, त्याच्यासमोर बोलली याचा जास्त राग आला.

१८ नोव्हेंबर

चौदा घरांची बैठक. मी सगळं समजावलं. तुडतुडा कसा रस शोषतो, रोग एका झाडातून दुसऱ्यात कसा जातो, उपटायला उशीर केला तर गवार, टोमॅटो, कशाचीच खात्री नाही. सगळे घाबरले. ठरलं, धुरपदाबाईची सगळी झाडं काढायची.

ती म्हणाली, "काढा. पन कडेनी रांग ऱ्हाऊ द्या. बीना करता. मनी सासूनं बी शे हाई, भाऊ, दुसरं नही."

मी विचारलं, घरात बी नाही का? पावसाळ्यात मडक्यात पाणी गेलं होतं, बुरशी धरायला लागली म्हणून जेवढं उगवेल तेवढं सगळंच्या सगळं पेरलं, म्हणाली.

खरं सांगायचं तर माझं मन क्षणभर डगमगलं. ती अकरा झाडं खरोखर निरोगी आहेत. पण रोग आत असतो आणि बाहेर दिसत नाही, असंही असतं. आणि एकदा सगळी म्हटल्यावर अकरा सोडली तर लोक म्हणणार, डॉक्टरचं एक ठरत नाही. मी सांगितलं, सगळी म्हणजे सगळी.

२१ नोव्हेंबर

काढली. सकाळी आठला सुरुवात केली, अकरापर्यंत वाफा मोकळा. पोरंटोरं, बायका, सगळे मदतीला होते. कडेच्या रांगेला कोणी हात लावेना. पांडुरंग विडी पेटवून बाजूला झाला. शेवटी मीच उपटली. मुळं चांगली पांढरी होती.

चिंध्या बांधलेली वांगी धुरपदाबाईने तोडून ओच्यात घेतली. मी म्हटलं, वहिनी, बियातूनही रोग जातो. आगीत टाका. बियातून जातो की नाही हे केंद्रावरच्या पुस्तकात होतं का ते आता आठवत नाही, पण सावध असलेलं बरं. तिने एक वांगं विळ्याने कापून मला दाखवलं. आत बी पांढरं, कोवळं, दुधाचं. अजून महिना तरी लागला असता. तसंही ते उगवलं नसतं. मग तिने ओचा सोडला आणि वांगी स्वतःच एकेक करून आगीत टाकली.

भाजल्याचा वास सगळीकडे पसरला, भरताचाच वास. कोणीतरी पोरगं हसलं, त्याला त्याच्या आईने धपाटा घातला.

मालती आज माझ्याशी बोलली नाही. न बोलायला काय झालं? शत्रूसारखं वागायला मी काय कोणाची चोरी केली?

१६ डिसेंबर, चंपाषष्ठी

बाजारातली वांगी आणली, जांभळी, लहान. भरीत बरं झालं होतं. कुंदन म्हणाला, "टेस्ट नथी." त्याला म्हटलं, खा गप.

मालतीने नैवेद्य दाखवला, पण स्वतःच्या ताटात भरीत वाढून घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. सत्तावीस घरांत आज तीच चर्चा असणार. तळी उचलायला धुरपदाबाई आली नाही. तिच्या दारावरून गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती. एका साडीमागे काय मिळतं कोण जाणे. तुकडा तसाच पडून आहे. पांडुरंगने विचारलं होतं, वहिनी, मिरची लावता का, रोप देतो. नको म्हणाली.

२७ डिसेंबर

मगनभाई आले होते. ऊस चांगला झाला म्हणून गुळाची ढेप घेऊन आले. आज चहा पिता पिता सहज विचारलं, पंप बराबर धोयो हतो ने?

मी म्हटलं, हो.

मग त्यांनी सांगितलं. मागच्या वर्षी त्यांच्या भावाने तणाच्या औषधाचा पंप नुसता पाण्याने हिसळून कपाशीवर वापरला. पाच दिवसांत सगळी कपाशी वाकडी झाली. पानं बेडकाच्या पायासारखी अरुंद, फुलं गळाली. "आखो कपास वळी गयो. रोग समजीने एणे फरी दवा छांटी, ए ज पंपथी." रोग समजून त्याच पंपाने पुन्हा फवारलं, असं सांगून हसले. म्हणाले, ते औषध फक्त गवत-उसाला सोसतं. रुंद पानाचं काहीही असो, त्याचा थेंब पुरतो. म्हणून घासाचा पंप वेगळाच ठेवायचा.

मीही हसलो. गूळ मालतीकडे दिला. ते गेल्यावर मोरीत जाऊन पंपाचं झाकण उघडून वास घेतला. अजून येतो.

२८ डिसेंबर

असं असेलच असं नाही. तुडतुडे होते, मी डोळ्यांनी पाहिले होते. एका माणसाच्या कपाशीवरून दुसऱ्याच्या वांग्याचं निदान करता येत नाही. शास्त्रात परीक्षा घेतात.

दोन डब्यांत टोमॅटोची रोपं लावली. एकाला तांब्याने साधं पाणी शिंपडलं. दुसऱ्याला पंपातून. पंपात काहीही घातलं नाही, फक्त नळाचं पाणी. दोन्ही डबे मागच्या दारी पत्र्याच्या आडोशाला ठेवले. मालतीला सांगितलं, हलवू नको.

३ जानेवारी १९९७

डायरी ऑक्टोबरात सुरू केल्याने जानेवारीची पानं कोरीच होती. वार खोडून तीच वापरतो.

तांब्याचं रोप सरळ. पंपाच्या रोपाचा शेंडा वाकला.

५ जानेवारी, रविवार

पानं अरुंद. शिरा उठलेल्या. देठ पिळलेले. हुबेहूब.

मालती मागच्या दारी भांडी घासायला बसली होती. तिने डब्याकडे पाहिलं. "हाई झाड ते धुरपदाबाईना वांगास्ना मायक वाकी गयं."

मी म्हटलं, हो का?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पंपाकडे पाहिलं, मग भांडी घासायला लागली. एकतीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं कमी कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे रोग नव्हताच. एकाही झाडाला नव्हता. दोनशे झाडं मी माझ्या हाताने मारली आणि मग उपाय म्हणून पुन्हा मारली. आणि ती अकरा? ती तर वाचली होती. त्यांना मी औषधाने मारलं नाही, हाताने उपटलं. तिने मला सरळ सांगितलं होतं, जिथं तुमचं पाणी पोचलं नाही ती चांगली आहेत. यापेक्षा सोपं कोणी काय सांगणार? केंद्रावरच्या साहेबाने ऐकलं असतं. मुकादमाने ऐकलं नाही.

लाज वाटते. लिहायलाही वाटते.

७ जानेवारी

पंप धुण्याची रीत, मगनभाईंच्या दुकानदाराकडून विचारून घेतली. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, एक दिवस एक रात्र भरून ठेवायचा, नळी आणि तोटीसकट. मग तीन वेळा स्वच्छ पाणी. तरी वांगी, भेंडी, टोमॅटो, कपाशी यांना तो वापरू नयेच. वेगळाच ठेवावा.

बारा आण्यांचा सोडा. मालतीने सांगितलं होतं.

१२ जानेवारी, रविवार

सांगून टाकायचं ठरवून धुरपदाबाईकडे गेलो. तिने साड्या बाजूला सारून बसायला पाट दिला, चहा ठेवला. मी विषय कसा काढावा हे जुळवत होतो. म्हटलं, वहिनी, ते वांग्यांचं फार वाईट झालं.

ती म्हणाली, "तुमना दोस नही, भाऊ. तुम्ही ते चांगलासाठीच करं. रोगले कोन काय करी?"

एवढं सोपं करून दिल्यावर पुढं बोलणं जास्त अवघड झालं. चहा गोड होता. तिच्या बोटांना टिकल्यांचा डिंक लागून कातडी निघाली आहे. मी चहा पिऊन, पुढच्या रविवारी मंडळाच्या तिळगुळाला या, माझं भाषण आहे, असं सांगून आलो. जिभेवर दुसरं होतं आणि तोंडातून हे निघालं.

भाषणाचं निमंत्रण आधीच छापलं आहे. 'भाजीपाल्यावरील किडी व उपाय. वक्ते : श्री. लोटू पाटील, निवृत्त कृषी अधिकारी.' छापण्याआधी मला दाखवलं होतं.

१७ जानेवारी

ठरलं. भाषणातच सांगायचं. सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं, तर सगळ्यांसमोरच सांगायला हवं. तीन वेळा लिहून काढलं. 'माझ्याकडून चूक झाली' हे वाक्य पहिल्या वेळी सुरुवातीला होतं. दुसऱ्या वेळी मध्ये गेलं. तिसऱ्या वेळी ते 'शेतकऱ्यांकडून अशी चूक होऊ शकते' असं झालं. हेही खोटं नाही. समजायचं तो समजेल.

१९ जानेवारी, रविवार

दीडशे माणूस होतं. शाळेचा हॉल भरला, बायका खाली सतरंजीवर. धुरपदाबाई पहिल्याच रांगेत, मालतीच्या शेजारी. कुंदनही मागे उभा होता.

मावा, तुडतुडे, शेंडे पोखरणारी अळी, सगळं सांगितलं. शेंडा अळीसकट हाताने खुडावा, हे सांगताना धुरपदाबाईकडे पाहून म्हटलं, आपल्यातल्या जुन्या बायका हे करतात, ते योग्यच आहे. ती थोडी हसली. मला बरं वाटलं. मग शेवटी तिथं आलो.

म्हटलं, तण मारण्याच्या औषधाचा पंप कधीही भाजीला वापरू नये. नुसता हिसळून भागत नाही. सोड्याने धुवावा, शक्यतो वेगळाच ठेवावा. नाहीतर नवी पानं अरुंद होतात, शेंडे वाकतात, फुलं गळतात. एकाच दिवसात सगळ्या झाडांना होतं. जिथं फवारा पोचत नाही ती झाडं तेवढी चांगली राहतात. लोकांना वाटतं रोग आहे.

पांडुरंगने मान वर केली. मी कागद उलटला आणि आभाराकडे वळलो.

धुरपदाबाई उभी राहिली. सभेत बायका उभ्या राहत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, बोला, बोला, शंका आहे का?

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, हाई पंपनं तुम्हले कवयपासून मालूम शे?"

तिने दार उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, अध्यक्ष, कुंदन, मागे बोर्डावर खडूने लिहिलेलं 'निवृत्त कृषी अधिकारी'. मी म्हटलं, "हे तर आम्हाला खात्यात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वीस-पंचवीस वर्षं झाली असतील."

ती तशीच उभी राहिली. चिडली नाही, रडली नाही. बेरीज करणाऱ्या माणसासारखे तिचे ओठ जरासे हलले.

"असं," ती म्हणाली. "माले वाटनं, तुम्हले मालूम नव्हतं."

आणि हातातला तिळगूळ सतरंजीवर ठेवून, बायकांमधून वाट काढत निघून गेली. मालती तिच्या मागोमाग उठली. मग टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी शाल घातली, फोटो काढला. पाच-सहा जण पुढे येऊन म्हणाले, साहेब, आमच्याकडे एकदा येऊन बघा.

घरी आलो तर मालती नाही. नूतनला, सुनेला विचारलं. ती म्हणाली, आई धुरपदाबाईंकडे आहेत, जेवून घ्या म्हणाल्यात.

मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. म्हटलं असतं तर मी अडाणी ठरलो असतो, मुकादम ठरलो असतो, आणि तिने चहा ठेवला असता. आता ती समजते की मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं आणि तरी मी तिच्या सासूचं बी आगीत टाकायला लावलं. अध्यक्षांनी दिलेली शाल खुंटीला टांगली आहे. कुंदनने विचारलं, "पप्पा, स्पीच मस्त था, लेकिन वो काकी गुस्से में क्यों गई?"

मी म्हटलं, म्हातारी आहे, तिला शास्त्र कळत नाही.